बंब, धाबे आणि घागर : खानदेशातील निगेच्या इतिहासाविषयी काही विचार

इतिहासाच्या साधनांत एक जुना पक्षपात आहे. जो बांधतो त्याचा शिलालेख होतो. जो झाडतो, खरवडतो, लिंपतो आणि गाळ काढतो त्याची नोंद कोणीच ठेवीत नाही. किल्ला कोणी उभारला, बारव कोणी खणली, पूल केव्हा पुरा झाला हे आपणांस सांगता येते. परंतु त्याच बारवेतील गाळ कोणत्या महिन्यात, कोणाच्या हातून व कोणत्या मोबदल्यावर काढला जात असे, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. डागडुजी कागदावर येते ती बहुतकरून काही तरी कोसळल्यानंतर, खर्चाच्या बाबीत. जे वेळच्या वेळी जपले गेले आणि म्हणून मोडले नाही, त्याच्याबद्दल कागद मुके असतात. निगा यशस्वी झाली की तिचा पुरावाच उरत नाही, ही या विषयाच्या अभ्यासकापुढील पहिली अडचण होय.

प्रस्तुत लेखात या अडचणीला एका मर्यादित क्षेत्रात तोंड देण्याचा प्रयत्न केला आहे. क्षेत्र खानदेशाचे, म्हणजे १९०६ पर्यंत एकच असलेल्या आणि त्या वर्षी पूर्व व पश्चिम असा विभागलेल्या जिल्ह्याचे. आज त्यातून जळगाव, धुळे व १९९८ साली वेगळा झालेला नंदुरबार असे तीन जिल्हे झाले आहेत. विषय घरातील उष्णतेच्या व्यवस्थेचा : घर थंड कसे राखीत, पिण्याचे पाणी गार व स्नानाचे पाणी ऊन कसे करीत, आणि या साधनांची निगा कशी राखीत. तापीच्या खोऱ्यात वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो आणि पौषात पहाटे चांगलाच गारठा पडतो. अशा प्रदेशात हा विषय केवळ सुखसोयीचा नव्हे.

या शोधात एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. खानदेशातील या सर्व साधनांचा शत्रू (आणि एका ठिकाणी मित्र) एकच आहे, तो म्हणजे पाण्यातील व मातीतील क्षार. आणि कोणते साधन टिकले व कोणते बिघडले याचा निर्णय बांधकामाच्या मजबुतीवर जितका अवलंबून होता, त्याहून अधिक तो या क्षाराचा थर केव्हा दिसतो आणि तो काढणे कोणाचे काम आहे या दोन गोष्टींवर अवलंबून होता.

प्रथम घराच्या माथ्याचा विचार करू. खानदेशातील जुने घर धाब्याचे. भिंतींवर व खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फांद्या, काड्या किंवा पाला यांचा थर आणि सर्वांवर मातीचा जाड सपाट माथा. ही माती दिवसभर ऊन शोषून घेते. तिच्या जाडीतून ती उष्णता खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर वरचा भाग थंड होऊ लागलेला असतो. म्हणून दुपारी घरात व रात्री धाब्यावर, असा उन्हाळ्यातील दिनक्रम होता. पाऊस मुळात थोडा असल्यामुळेच हा माथा येथे शक्य झाला. कोकणात तो एक श्रावणही टिकला नसता.

तथापि थोडा पाऊसही मातीला पुरतो. म्हणून मृग लागण्यापूर्वी धाब्यावर खारी टाकण्याची रीत होती. खारी म्हणजे खारवट जमिनीतील पांढुरकी माती. ती शेतीला निरुपयोगी आणि धाब्याला मात्र अमोल. याचे कारण मृदाशास्त्र सांगते : जिच्यात सोडियमचे प्रमाण अधिक असते अशा चिकण मातीचे कण पाणी लागताच विलग होतात, फुगतात आणि बारीक छिद्रे बुजवून टाकतात. ज्या गुणामुळे शेतात पाणी मुरत नाही व पीक जळते, त्याच गुणामुळे धाब्यातून पाणी झिरपत नाही. ही गोष्ट ज्यांनी शोधली त्यांना सोडियम हे नाव ठाऊक नव्हते. पण कोणत्या पडीकातील माती चांगली 'धरते' याचे ज्ञान गावोगाव होते.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे, आणि तो निगेच्या इतिहासाला महत्त्वाचा आहे असे मला वाटते. दरवर्षी खारी टाकणे ही निगा होय. परंतु दरवर्षी केवळ टाकीतच राहणे हा घाताचा मार्ग होय. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा माथ्यावर एक इंच जाडीची ओली माती पसरली तर तिचे वजन सुमारे पाचशे किलो भरते. गळती लागली की वर आणखी माती टाकावी, हा उपाय सोपा व स्वस्त. पण आठ-दहा वर्षे तोच केला तर तुळयांवर काही टनांचा जादा भार येतो, आणि मग एका झडीच्या पावसात भिजलेला माथा घरात येतो. जाणता माणूस म्हणून आधी जुना पापुद्रा खरवडी, पन्हळीची तोंडे मोकळी करी, उगवलेले गवत मुळासकट काढी आणि मगच नवी खारी पसरी. घर पडले ते 'दुरुस्ती न केल्यामुळे', असे आपण सहज म्हणतो. कित्येक धाबी दुरुस्ती करून करून पडली असतील, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

धाब्याचा मोठा गुण असा की त्याचा दोष लपत नाही. ओल आधी काड्यांवर दिसते, मग थेंब पडतो, मग भांडे ठेवावे लागते. कोसळण्यापूर्वी धाबे पुष्कळ दिवस बोलत असते.

आता पाण्याकडे वळू. मातीच्या घागरीत पाणी गार होते ते तिच्या अंगातील सूक्ष्म छिद्रांमुळे. पाणी पाझरून बाहेर येते, कोरड्या वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला पाचशे ऐंशी किलोकॅलरीच्या आसपास उष्णता लागते, यावरून या साध्या भांड्याची शक्ती ध्यानात येईल. खानदेशचा वैशाखी वारा कोरडा असल्यामुळे ही युक्ती येथे उत्तम चालते आणि पावसाळी दमट हवेत निकामी होते. श्रीमंतांच्या दारांवरील वाळ्याचे पडदे याच तत्त्वावरचे. अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त वाळ्याच्या भिंती करून त्यांवर पाणी शिंपडण्याची कल्पना अकबराच्या नावावर जमा केली आहे. दरबारी लेखकाने शोधाचे श्रेय बादशहास द्यावे हे स्वाभाविकच. त्यावर किती विसंबावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

परंतु घागरीची छिद्रे कायम उघडी राहत नाहीत. खानदेशातील विहिरींचे पाणी सामान्यतः जड. पाणी वाफ होऊन जाते आणि त्यातील क्षार मागे, छिद्रांच्या तोंडाशी राहतो. घागरीच्या अंगावर दिसणारी पांढरी फूल म्हणजे तोच. वर्षभरात छिद्रे बुजतात आणि 'माठ जुना झाला, पाणी गार करीत नाही' अशी तक्रार सुरू होते. धाब्यावर ज्या कारणासाठी माती पूजनीय ठरते, नेमक्या त्याच कारणासाठी घागर टाकाऊ ठरते.

यावरचा उपाय म्हणजे दर उन्हाळ्यास नवी घागर. खानदेशात हा उपाय आखाजीशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेशी, जोडलेला आहे. आखाजी हा येथील मोठ्या सणांपैकी एक. त्या दिवशी पितरांच्या स्मरणार्थ नवी घागर भरून पुजतात. तिथी वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे उन्हाळ्याच्या भरातील. नवे भांडे घरात येण्यास यापेक्षा योग्य वेळ शोधून सापडणार नाही. हे भांडे कुंभाराकडून येई आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने खळ्यावर दिला जाई. म्हणजे घागर बदलण्याच्या खर्चाचा विचार घरधन्यास दर वेळी स्वतंत्रपणे करावा लागत नसे. तो वर्षाच्या हिशेबात आधीच धरलेला असे.

स्नानाच्या ऊन पाण्याचे साधन म्हणजे तांब्याचा बंब. खानदेशातच एक ऊन पाणी निसर्गदत्त आहे : चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव येथे आणि शहादा तालुक्यातील त्याच नावाच्या ठिकाणी गरम झरे आहेत, आणि त्या नावातील 'उन' म्हणजे उष्ण हे उघड आहे. पण झरा घरोघर नेता येत नाही. बंब हे घरगुती साधन. मध्ये उभी नळी, तिच्या तळाशी जाळी व विस्तव, नळीभोवती पाणी, खाली तोटी, वर झाकण. विस्तव पाण्याच्या पोटात असल्यामुळे उष्णता वाया कमी जाते. त्याला मोठी लाकडे लागत नाहीत. कापसाच्या प्रदेशात वेचणी संपल्यावर शेतात उरणाऱ्या पऱ्हाट्या, ज्वारीची धाटे, कणसांची बुरखुंडे यांवर तो चालतो. चुलीवर हंडा ठेवण्यापेक्षा ही मांडणी कितीतरी शहाणपणाची.

बंब दोन मार्गांनी बिघडतो. पहिला मार्ग क्षाराचा. जड पाणी तापले की त्यातील विरघळलेला चुना घट्ट होऊन तापलेल्या पृष्ठभागावर, म्हणजे नेमका मधल्या नळीच्या बाहेरच्या अंगावर, बसतो. हा थर तांब्याच्या मानाने उष्णतेचा शेकडो पटींनी मंद वाहक. पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून विस्तव वाढवितात. विस्तव वाढला की थराखालचे तांबे अधिक तापते व झिजते. दुसरा मार्ग विसराळूपणाचा. पाणी न भरता किंवा पाणी संपलेले असताना विस्तव पेटता राहिला तर सांध्यांचा डाक वितळतो. कथिलाचा वितळणबिंदू २३२ अंश. कथील व शिसे मिळून केलेला डाक त्याच्याही आधी वितळतो. पाणी असेतोवर सांधा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, पाणी गेले की काही मिनिटांत जातो. गळका बंब घेऊन तांबटाकडे जाणे हे त्या घरी लाजेचे समजत, आणि ते बरोबरच होते. कारण तो गळका का झाला हे तांबटाला सांगावे लागत नसे.

पहिल्या बिघाडावर उपाय चिंचेचा. चिंचेच्या कोळाने तांबे उजळते हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच आम्लाने चुन्याचा थरही सुटतो. रोजची रक्षा काढणे, जाळी झटकणे, आठवड्या-पंधरवड्याने आतून घासणे अशी ही निगा. हिलाही वर्षाची एक तिथी होती. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीघरातील बंब, हंडे, घंगाळी लखलखीत घासून, त्यांस हळदकुंकू लावून, पाणी भरून ठेवण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. अभ्यंगस्नानाचा सण थंडीच्या तोंडाशी येतो. जे साधन पुढील तीन-चार महिने रोज पेटायचे, ते त्याच्या हंगामाच्या आरंभी एकदा आतून-बाहेरून तपासले जाते.

येथे सावधगिरीचा इशारा देणे अवश्य आहे. सण हे निगेसाठीच निर्माण झाले, आपल्या पूर्वजांनी विज्ञान धर्मात गुंडाळून ठेवले, अशी विधाने आजकाल फार ऐकू येतात. त्यांना आधार नाही. आखाजीचा हेतू पितृस्मरणाचा आहे आणि अभ्यंगाची कथा नरकासुराची आहे. माझे म्हणणे इतकेच की हेतू कोणताही असो, परिणाम असा झाला की वर्षातून एकदा भांडे बदलले जाई, एकदा बंब घासला जाई आणि मृगाच्या धास्तीने एकदा धाबे खरवडले जाई. घरधन्याच्या आठवणीवर किंवा आळसावर हे काम अवलंबून राहिले नाही. ते पंचांगावर व आकाशावर सोपविले गेले.

दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची. या निगेला खर्च आला नाही, असे मानणे हा हिशेबातील दोष होय. खारीच्या पाट्या डोक्यावरून वाहणारा, गाळ काढणारा, रोज पहाटे उठून बंबाची रक्षा काढणारी सून, विहिरीवरून घागरी आणणारी बाई, यांच्या श्रमाची किंमत कोणत्याही जमाखर्चात लिहिली जात नसे. म्हणून ती व्यवस्था स्वस्त दिसते. बलुत्याची पद्धत कुंभाराला कामाची हमी देत होती. आणि ते काम सोडण्याची मुभा नाकारीतही होती. जुन्या निगेचे गुणवर्णन करताना तिचा भार कोणाच्या मानेवर होता हे सांगितले नाही, तर तो इतिहास न होता स्मरणरंजन होईल.

सामुदायिक निगेचे खानदेशातील प्रसिद्ध उदाहरण अर्थात फड पद्धतीचे. पांझरेच्या व इतर नद्यांच्या बंधाऱ्यांवरील पाट लाभधारक शेतकरीच साफ करीत, आणि पाटकरी, हवालदार, जागले, बारेकरी अशी नेमलेली माणसे पाणी व पाट या दोहोंवर लक्ष ठेवीत. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. एक आठवण मात्र प्रस्तुत आहे. पुढे जगविख्यात झालेले अभियंते मो. विश्वेश्वरय्या यांना १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरताच जी पहिली कामे मिळाली त्यांत धुळ्याजवळ दातर्ती येथे पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाचा सायफन नेण्याचे काम होते, आणि पावसाळ्यातील पूर व वाळू यांनी त्यांस बेजार केले. उघडा पाट गाळाने भरला तर डोळ्यांना दिसतो. नदीखालचा नळ भरला तर पाणी थांबल्यावरच कळते. दिसणारा दोष व न दिसणारा दोष यांतील हा फरक पुढील विवेचनाचा कणा आहे.

न दिसणाऱ्या दोषाचा सर्वांत भव्य नमुना पाहण्यास आपणांस बऱ्हाणपुरास गेले पाहिजे. आज हे शहर मध्य प्रदेशात आहे आणि ब्रिटिश अमदानीत ते निमाडात होते. परंतु फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी तेच, आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर मोगलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणेही तेच. तेथे १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खान-इ-खानानच्या सुभेदारीत, तबकुतुल अर्झ या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल शहरात आणण्यासाठी जमिनीखालून भुयारे काढली. अशा आठ व्यवस्था होत्या. त्यांतील कुंडी भंडारा सर्वांत प्रसिद्ध, लोकांच्या तोंडी 'खुनी भंडारा'. भुयारावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या आहेत, त्यांची संख्या शंभराहून अधिक. पाणी केवळ उताराने वाहते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या कामाचा समावेश झाला.

या कुंड्यांचे कौतुक बहुधा हवा व उजेड खाली जाण्याची सोय म्हणून केले जाते. मला त्यांत अधिक महत्त्वाचे दिसते ते असे की, या कुंड्या म्हणजे निगेची दारे आहेत. इराणी कनातीच्या परंपरेत उभ्या विहिरीतून खोदणारा उतरतो, माती वर काढतो आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या गाळ काढणाराही त्याच वाटेने उतरतो. बांधणाऱ्याने आपले काम बिघडणार हे गृहीत धरूनच ते बांधले होते. आणि ते बिघडले क्षारानेच. सातपुड्यातून झिरपणाऱ्या पाण्यातील चुना भुयाराच्या भिंतींवर थरावर थर बसत गेला. आज आत उतरणाऱ्यास हे पांढुरके लेप सहज दिसतात. आठांपैकी काही व्यवस्था पूर्वीच नष्ट झाल्या.

याच पाण्यावर त्या शहराचे हमाम चालत. खान-इ-खानानने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हमाम शहरात होता, आणि शाही किल्ल्यातील चित्रांकित छताचा हमाम मुमताज महलच्या नावाशी जोडला जातो. ती १६३१ मध्ये याच शहरी वारली. मोगल हमामाची रचना सर्वसाधारणपणे अशी : भिंतीपलीकडे भट्टी, तिच्यावर पाण्याचे मोठे भांडे, फरशीखालून गरम हवेच्या वाटा, भिंतींतून मातीच्या नळ्या. गार, कोमट व ऊन अशा ओळीने दालने. कल्पकतेत हा बंबाचा थोर आजोबा शोभेल. परंतु त्याची प्रत्येक वाहिनी दगडचुन्याच्या पोटात दडलेली. नळी अर्धी बुजली तर स्नान करणाऱ्यास फार तर पाणी थोडे कोमट लागेल. पूर्ण बुजली म्हणजे भिंत फोडणे आले. भट्टीवाला, भिस्ती, गाळ काढणारा यांचा ताफा असेतोवर हे चालले. तो ताफा दरबाराच्या पगारावर होता. दरबार उठून गेल्यावर त्या दारांतून उतरणे हे कोणाचेच हक्काचे वा कर्तव्याचे काम उरले नाही. धाबे मातीचे, हमाम दगडाचा; तरी हजारो धाबी विसाव्या शतकात नांदती होती आणि हमाम केव्हाच थंड झाले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशात वाफ आली. १८६० च्या दशकात रेल्वेने तापीचे खोरे गाठले व भुसावळ हे इंजिनांचे ठाणे झाले; १८७० च्या दशकात जळगावास सूतगिरणी निघाली; पुढे गावोगाव कापसाची जिने, मग अमळनेर व धुळे येथील गिरण्या. या सर्वांच्या पोटात बॉयलर होता, आणि बॉयलरच्या पोटात तेच खानदेशचे जड पाणी. बंबातील चुन्याचा थर फार तर सरपण वाया घालवी. बॉयलरमध्ये तोच थर पत्र्याला लाल होईपर्यंत तापवी, आणि दाबाखालचा लाल पत्रा फाटतो तेव्हा भोवतालची माणसे मरतात. इंजिनाच्या बॉयलरला ठराविक मुदतीने थंड करून, झाकणे उघडून, जोराच्या पाण्याने धुण्याची जी पद्धत रेल्वेत होती तिचे मूळ येथे आहे. भट्टीच्या माथ्यावर शिशाचे बूच असे. पाणी खाली गेले की ते वितळे आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देई. बंबाचा डाक जे काम अनवधानाने करी, तेच येथे जाणूनबुजून योजले होते.

परंतु येथे निगा मालकाच्या मर्जीवर सोडणे परवडणारे नव्हते. १८६३ मध्ये कलकत्त्यास बॉयलर फुटून मनुष्यहानी झाली. त्यावरून १८६४ मध्ये बंगालात तपासणीचा कायदा आला. इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, आणि त्यांतील विसंगती दूर करण्यासाठी १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा झाला, जो २०२५ मध्ये नवा कायदा येईपर्यंत चालला. या कायद्याचा मर्म दोन गोष्टींत होता. प्रमाणपत्राची मुदत सामान्यतः बारा महिन्यांहून अधिक नसे. आणि तपासणीच्या दिवशी बॉयलर रिकामा, थंड व साफ करून निरीक्षकापुढे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य असे. म्हणजे न दिसणारा दोष वर्षातून एकदा सक्तीने उघडा पाडावयाचा. आखाजी व मृग जे काम घरात करीत होते, ते कारखान्यात सरकारने हाती घेतले. जिनांना हे सोयीचेही होते, कारण कापसाचा हंगाम सरला की यंत्रे तशीही थांबत.

घराकडे परत आलो तर आज काय दिसते? धाब्याच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. तो गळत नाही (निदान आरंभी), पण दुपारची उष्णता लवकर आत सोडतो. म्हणून कूलर आला. कूलर म्हणजे वाळ्याचा पडदा आणि पंखा यांचा संकर. त्याच्या गवतावर वाफ होते, क्षार मागे राहतो, गवत दगडासारखे होते, आणि एप्रिलच्या सुरुवातीस जळगाव-धुळ्याच्या बाजारात नव्या गवताची विक्री सुरू होते. कूलरच्या बाबतीत जुनी शिस्त टिकून आहे, याचे कारण पुन्हा तेच : दोष दिसतो, आणि ऋतू आठवण देतो.

गीझरचे तसे नाही. पांढऱ्या गुळगुळीत कवचात तापणारी कांडी, तिच्यावर चुन्याचा थर, टाकीला गंजापासून वाचविण्यासाठी आत ठेवलेली मॅग्नेशियमची कांडी जी स्वतः झिजून टाकीला राखते, आणि दाब वाढल्यास उघडणारी झडप. यांतील एकही गोष्ट वापरणाऱ्यास दिसत नाही. वाफेच्या दाबाचे भांडे नसल्यामुळे बॉयलरचा कायदा त्यास लागू नाही. देवघराशी व सणाशी त्याचा संबंध नाही. तांबट गेला आणि त्याच्या जागी वर्षातून एकदा येणारा कोणी ठरलेला नाही. ती कांडी संपली हे कळते ते टाकी फुटून पाणी छतावरून झिरपते त्या दिवशी. तांत्रिकदृष्ट्या गीझर बंबाच्या पुढचा. परंतु निगेच्या दृष्टीने तो हमामाचा वंशज आहे. गच्चीवरील सौर बंबाने जुने नाव तेवढे उचलले आहे. त्याच्या नळ्यांतही तोच चुना बसतो आणि बहुधा कोणी वर जाऊन पाहत नाही.

ही मांडणी पारखून पाहण्यास कागद फारसे उपयोगी पडणार नाहीत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांनी १९२७ पासून कागद जपले. पण या विषयाचे दप्तर वस्तूंच्या अंगावर लिहिलेले आहे. चुन्याच्या थराची जाडी, डाकाच्या जागा, धाब्याच्या मातीतील एकावर एक पापुद्रे, तुळईचा बाक. बऱ्हाणपूरच्या भुयारातील थर निदान यापुढे कोणी पुसणार नाही. घरगुती वस्तूंचे तसे नाही. बंब आज भंगारात तांब्याच्या भावाने वजनावर विकला जातो आणि त्याच दिवशी वितळतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास प्रबंधिकेसाठी विषय हवा असल्यास, एका तालुक्यातील मोडीच्या दुकानांत येणारे बंब वितळण्यापूर्वी नोंदवावेत : वजन, मधल्या नळीवरील थराची जाडी, किती सांधे पुन्हा डाकलेले आहेत, तोटी कितव्यांदा बदललेली आहे, आणि विकणाऱ्या घरात तो शेवटचा कोणी व केव्हा घासला.